घाम खारट, मग रक्त अळणी कशाने होतं?

शर्यत संपून अर्धा तास झाला होता. आमच्या ग्रुपमधल्या एक ताई फुटपाथच्या कडेला बसून हातातल्या बांगड्या काढायची धडपड करत होत्या. पन्नाशी ओलांडल्यावर धावलेली त्यांची ही पहिली पूर्ण मॅरेथॉन, सहा तासांच्या आसपास पूर्ण केलेली. पहाटे मनगटावर सैल खुळखुळणाऱ्या बांगड्या आता रुतून बसल्या होत्या. बोटं पुरीसारखी फुगलेली, डोकं जड, मळमळ. शेजारचा स्वयंसेवक काळजीने म्हणाला, "डिहायड्रेशन झालंय मॅडम, पाणी प्या," आणि त्याने आणखी एक बाटली हातात दिली. ताई म्हणाल्या, "अहो, मी एकही टेबल सोडलं नाही, प्रत्येक ठिकाणी पाणी घेतलंय."

वैद्यकीय तंबूतल्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "सकाळपासून लघवीला कितीदा गेलात?" एकदाही नाही. त्यांनी ताईंना वजनकाट्यावर उभं केलं. सहा तास उन्हात पळून वजन दीड किलोने वाढलेलं होतं. डॉक्टरांनी हातातली बाटली काढून घेतली, खारट सूप दिलं आणि पाणी पूर्ण बंद केलं. दोन-अडीच तासांनी लघवी सुरू झाली, तशी डोकेदुखी उतरली.

तोवर मीही मानत होतो की उन्हात धावताना धोका एकच, पाणी कमी पडण्याचा. एप्रिल-मे आला की भरपूर पाणी प्या हा सल्ला सगळीकडून कानावर येतो, आणि धावणाऱ्यांच्या गप्पांत त्याला मिठाच्या गोळ्यांची जोड मिळते. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. कसे, ते समजण्यासाठी स्वयंपाकघरात जावं लागेल.

आमटीचा हिशेब

पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढतं. मीठ तेवढंच राहतं, पण आमटी अळणी लागते. शरीरातल्या सोडियमचा प्रश्न नेमका हाच आहे. सोडियम म्हणजे मिठाचा मुख्य घटक. एक ग्रॅम मिठात साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. रक्त तपासल्यावर रिपोर्टमध्ये जो आकडा येतो, तो शरीरात एकूण किती सोडियम आहे ते सांगत नाही. आमटी किती खारट आहे, एवढंच तो सांगतो. निरोगी माणसात हा आकडा लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असतो. मिलिमोल हे मोजण्याचं एकक, त्याच्या खोलात जायची गरज नाही. १३५ च्या खाली घसरण झाली की डॉक्टर त्याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. आपण रक्त अळणी होणं म्हणू.

आता घामाकडे पाहू. काळ्या टी-शर्टवर पांढरे नकाशे उमटतात, ओठांवर जीभ फिरवली तर खारट लागतं, म्हणून वाटतं की घामावाटे मीठ चाललंय, रक्त अळणी होणारच. पण घाम रक्तापेक्षा पुष्कळ पातळ असतो. रक्तात १४०, तर घामात माणसागणिक साधारण २० ते ८० मिलिमोल. म्हणजे घाम येणं हे आमटीवरचं पातळ पाणी पळीने काढून घेण्यासारखं आहे. थोडं मीठ जातं, पण पाणी त्या मानाने जास्त जातं. मागे उरलेली आमटी उलट आणखी खारट होते.

मला ही गोष्ट पचायला वेळ लागला, म्हणून कागदावर आकडे मांडून पाहिले. ६० किलोचा धावपटू, त्याच्या शरीरात सुमारे ३६ लिटर पाणी. पाच तासांत त्याला चार लिटर घाम आला, घामात लिटरमागे ४० मिलिमोल सोडियम, आणि लघवी झालीच नाही असं धरू. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा अगदी स्पष्ट दाखवतो. त्याने काहीच प्यायलं नाही, तर रक्तातला आकडा १५२ च्या आसपास चढतो. दोन लिटर साधं पाणी प्यायला, तर १४३-१४४, म्हणजे झकास. घामाइतकं, चार लिटर प्यायला, तर १३५-१३६, अगदी उंबरठ्यावर. आणि सहा लिटर प्यायला, तर १२८.

चारही वेळा घाम तेवढाच गेला, मीठ तेवढंच गेलं. बदललं ते फक्त वरून ओतलेलं पाणी.

हे कधी लक्षात आलं?

दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांदरम्यान कॉम्रेड्स मॅरेथॉन होते. अंतर सुमारे ९० किलोमीटर. आपल्याकडूनही दरवर्षी बरेच धावपटू तिथे जातात. १९८१ साली या शर्यतीत एक धावपटू महिला वाटेतच गोंधळल्यासारखी वागू लागली, पुढे तिची शुद्ध गेली. रक्त तपासलं तर सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरलेलं. टिम नोक्स या तिथल्या डॉक्टर-संशोधकाने अशा चार रुग्णांची माहिती १९८५ मध्ये प्रसिद्ध केली आणि कारण सुचवलं, गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. उलट १९९६ मध्ये अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या मोठ्या संस्थेची शिफारस अशी होती, की घामावाटे गेलेलं सगळं पाणी भरून काढा, नाहीतर पोटाला सोसेल तितकं प्या.

मग २००२ ची बोस्टन मॅरेथॉन आली. त्यात अठ्ठावीस वर्षांच्या एका तरुणीचा याच कारणाने मृत्यू झाला. त्याच शर्यतीत संशोधकांनी अंतिम रेषेवर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं. २००५ मध्ये निष्कर्ष छापून आले: १३ टक्के लोकांचं सोडियम १३५ किंवा त्याहून खाली, आणि तिघांचं तर १२० किंवा त्याहून खाली. १२० म्हणजे झटके येऊ शकतील अशी पातळी. सगळ्यात ठळक खूण कोणती होती? धावताना वाढलेलं वजन. तीन लिटरहून जास्त पिणारे आणि चार तासांहून जास्त वेळ घेणारे यांना धोका अधिक होता. साधं पाणी प्यायले की स्पोर्ट्स ड्रिंक, याने मात्र फरक दिसला नाही.

धोका हळू धावणाऱ्यांना जास्त, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अडीच-तीन तासांत शर्यत संपवणाऱ्याला प्यायला सवडच नसते. सहा तास घेणारी व्यक्ती प्रत्येक टेबलापाशी थांबते, वेग कमी म्हणून घामही कमी, आणि पहिल्यांदाच धावत असेल तर कानात घरच्यांचे शब्द घुमत असतात: पाणी पीत राहा.

जास्तीचं पाणी लघवीवाटे निघून जात नाही का?

एरवी जातं. निरोगी मूत्रपिंड आराम करताना तासाला ८०० मिलिलिटर ते एक लिटर जादा पाणी बाहेर टाकू शकतं. पण लांब पल्ल्याच्या श्रमात शरीर व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सोडतं, आणि त्याचा मूत्रपिंडाला निरोप एकच: पाणी धरून ठेव. दुष्काळात धरणाचे दरवाजे बंद ठेवावेत, तसं. श्रम, उष्णता, वेदना, मळमळ या सगळ्यांनी हा निरोप आणखी ठाम होतो. वरून टेबलाटेबलावर पाणी येतच राहिलं आणि खालचे दरवाजे बंद राहिले, की पाणी आतच साचतं.

गुडघा दुखू नये म्हणून सुरुवातीलाच आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेण्याची सवय अनेकांना आहे. ती सोडा. या गोळ्या पाणी बाहेर टाकण्याच्या कामात अडथळा आणतात आणि शरीरात पाणी कमी असेल तर मूत्रपिंडालाही इजा करू शकतात.

साचलेलं पाणी रक्तापुरतं राहत नाही, पेशींमध्येही शिरतं. भिजत घातलेले हरभरे फुगतात, तशा पेशी फुगतात. हाताची बोटं फुगली तर अंगठी रुतते, एवढंच. पण मेंदू कवटीच्या बंद पेटीत असतो, त्याला फुगायला जागा नाही. म्हणून आधी डोकेदुखी आणि मळमळ, मग उलट्या, गोंधळ, असंबद्ध बोलणं, आणि हाताबाहेर गेलं तर झटके आणि बेशुद्धी.

मग मिठाच्या गोळ्या घेतल्या की झालं!

इथेच बहुतेकांची गल्लत होते. वरच्या धावपटूच्या अंगात घामाचा हिशेब सोडून नुसतं तीन लिटर पाणी जास्तीचं साचलं, असं समजू. आकडा १४० वरून १२९ वर येतो. तो फक्त मिठाच्या जोरावर परत १४० वर न्यायचा, तर सुमारे २५ ग्रॅम मीठ लागेल, म्हणजे चार-पाच चमचे. एका गोळीत २०० मिलिग्रॅम सोडियम धरलं, तर जवळजवळ ५० गोळ्या! लोक घेतात तासाला एक किंवा दोन. अळणी आमटीच्या पातेल्यात चिमूटभर मीठ टाकून चव येत नाही, शिवाय पाण्याची धार चालूच आहे.

स्पोर्ट्स ड्रिंकचंही तेच. त्यात साधारणपणे लिटरमागे २० मिलिमोलच्या आसपास सोडियम असतं, म्हणजे रक्ताच्या सातव्या हिश्श्याइतकं. वरच्या हिशेबात सहा लिटर साध्या पाण्याऐवजी सहा लिटर स्पोर्ट्स ड्रिंक घातलं, तर १२८ ऐवजी १३१-१३२ येतं. थोडं बरं, पण अळणी ते अळणीच.

मग मिठाचा उपयोग नाहीच का? आहे. चार-पाच तासांहून लांबचा पल्ला, दमट हवा, टी-शर्ट मिठाने कडक होणारा घाम, किंवा सलग दोन-तीन दिवसांचा ट्रेक, अशा वेळी खारट खाणं-पिणं हवंच. त्याने प्यायलेलं पाणी अंगात टिकतं, तोंडाला चव येते, थकवाही कमी वाटतो. वरच्या उदाहरणात चार लिटर घामातून गेलेलं मीठ साडेनऊ ग्रॅमच्या आसपास होतं. बरंच आहे. पण त्यातलं पुष्कळसं त्या दिवसाच्या जेवणातच भरून निघतं. रानात दिवसभर राबणारी माणसं मडक्यातलं पाणी पितात आणि मीठ कुठून घेतात? भाकरीबरोबरच्या ठेच्यातून, लोणच्यातून, कांद्यावर भुरभुरलेल्या मिठातून. लांबच्या सरावाला मी खिशात खारे शेंगदाणे किंवा मीठ लावलेला उकडलेला बटाटा ठेवतो. ट्रेकला ताक आणि मीठ घातलेलं कोकम सरबत मिळालं तर त्याहून चांगलं काय! नारळपाणी मात्र या कामाचं नाही. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी.

रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मिठाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे सोडियम बाहेर टाकतात. त्या चालू असतील तर लांब शर्यतीआधी डॉक्टरांशी बोलणं आवश्यक आहे.

ओआरएस वेगळं कसं?

ओआरएस म्हणजे जुलाबावर देतात ती जलसंजीवनी. आतड्याच्या आतल्या भिंतीवर एक खास दरवाजा आहे, त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी. म्हणून साखर आणि मीठ दोन्ही हवं, आणि तेही मापात. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मिश्रण पिंपांत कालवून लोकांना पाजलं आणि असंख्य जीव वाचवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या सूत्रात लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम असतं, स्पोर्ट्स ड्रिंकच्या जवळजवळ चौपट.

लांब पल्ल्यासाठी ओआरएस चालतं, पण पुडी एक लिटरची असेल तर ती एक लिटर पाण्यातच घालायची. अर्ध्या बाटलीत घातली तर मळमळ, दोन लिटरमध्ये घातली तर उपयोग निम्मा. आणि पाकीट वाचून घ्या. नावात ओआरएस मिरवणारी पण सूत्राबाहेरची गोड पेयं बाजारात वर्षानुवर्षं विकली जात होती. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी चिकाटीने लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली.

तहान लागते तोवर उशीर झालेला असतो ना?

हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की ते खरंच वाटतं. पण रक्त किंचित, म्हणजे एक-दोन टक्क्यांनी दाट झालं तरी मेंदूतलं केंद्र तहानेची सूचना देतं. आमटी किती खारट झाली हे चाखणारी ही यंत्रणा जगण्याशी जोडलेली आहे, आणि निरोगी प्रौढात ती चांगली चालते. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाड इथे या विषयातल्या तज्ज्ञांची तिसरी आंतरराष्ट्रीय बैठक झाली. तिचा मुख्य सल्ला साधा होता: तहान लागेल तेव्हा प्या.

याला अपवाद आहेत. वय वाढतं तशी तहानेची जाणीव मंदावते. कडक उन्हात खूप घाम गाळत वेगाने धावणाऱ्याला तहान थोडी मागे पडू शकते. अशांनी आधी सरावात मोजून स्वतःचा अंदाज बांधावा. शर्यतीत थोडं वजन घटणं हा दोष नाही. दोन टक्क्यांच्या आसपास घट बहुतेकांना सहज सोसते, शिवाय त्यातला काही भाग पाणी नसून जळालेलं इंधन असतं.

पेटके येतात ते मीठ कमी पडल्याने?

खाणकामगारांवरच्या शंभर वर्षांपूर्वीच्या निरीक्षणांतून ही समजूत आली, आणि काही जणांच्या बाबतीत तीत तथ्यही असेल. पण लांब शर्यतींत पेटके आलेल्यांचं आणि न आलेल्यांचं रक्त तपासलं, तेव्हा सोडियममध्ये उल्लेखनीय फरक सापडला नाही. पेटका बहुधा त्याच स्नायूत येतो ज्याला आपण सवयीपेक्षा जास्त राबवलंय. मीठ सगळ्या शरीरात कमी असतं, तर पेटका एकट्या उजव्या पोटरीलाच का यावा? त्या क्षणी थांबून स्नायू ताणणं हा उपाय सगळ्यात लवकर लागू पडतो.

आणि उष्माघात?

हा वेगळा आणि तितकाच गंभीर धोका, त्याची पाण्याशी सरमिसळ करू नका. अमेरिकेत फाल्मथ इथे ऑगस्टच्या उकाड्यात एक शर्यत होते, फक्त अकरा किलोमीटरची. तिथे अठरा वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण नोंदले गेले. एवढ्याशा अंतरात शरीर सुकायला वेळ तरी कुठे मिळतो? जोराने धावताना निर्माण होणारी उष्णता बाहेर पडत नाही, हे खरं कारण. ते सगळे वाचले, कारण त्यांना ताबडतोब बर्फाच्या पाण्यात बुडवलं गेलं.

घामाने अंग गार होतं ते घाम सुकल्यामुळे. एक लिटर घाम सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण जमिनीवर टपकला तर जवळजवळ काहीच नेत नाही. मुंबईची पूर्ण मॅरेथॉन जानेवारीत पहाटे सुरू होते तेव्हा हवा सुखद वाटते. हळू धावणारे परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ चढतात तेव्हा ऊन तापलेलं असतं, आणि समुद्राकाठच्या दमट हवेत कोपरावरून घाम नुसता ठिबकत राहतो. तिथे जादा पाणी पोटात ओतण्याने ताप उतरत नाही. वेग कमी करणं, डोक्या-मानेवर पाणी ओतणं, सावली धरणं याने उतरतो. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेतून येणाऱ्यांनी दहा ते चौदा दिवस उष्ण-दमट हवेत थोडा थोडा सराव केला, तर घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातलं मीठही कमी होतं. शरीर स्वतःच मीठ राखायला शिकतं, आणि हे कोणत्याही गोळीपेक्षा मोलाचं आहे.

काटा आणि वही

घरातला साधा वजनकाटा या सगळ्यात सगळ्यात उपयोगी. लांबच्या सरावाआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. परतल्यावर घाम पुसून पुन्हा करा. घटलेलं वजन अधिक प्यायलेलं पाणी, वजा वाटेत झालेली लघवी, इतका तुमचा घाम. किलोला लिटर धरा आणि तासांनी भागा. शेजाऱ्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही; कुणाला तासाला अर्धा लिटर घाम येतो, कुणाला दोन लिटर. वजन वाढलेलं दिसलं, तर पुढच्या वेळी कमी प्यायचं. त्यात चर्चेला जागाच नाही.

शर्यतीत किंवा नंतर कुणी गोंधळल्यासारखं वागू लागलं, तर त्याला स्वतःहून पाणी पाजत बसू नका. तो किती प्यायला, लघवी कधी झाली, अंगठी किंवा घड्याळ रुतलंय का, हे डॉक्टरांना सांगा. साध्या सलाइनने अशा रुग्णाची अवस्था बिघडू शकते. त्याला लागतं ते तीन टक्क्यांचं तीव्र खारं सलाइन, शंभर मिलिलिटरच्या मात्रेत, आणि ते द्यायचं की नाही हे रक्तातलं सोडियम तपासून ठरतं. त्यामुळे तुम्ही दिलेल्या माहितीने मौल्यवान मिनिटं वाचतात.

ताईंनी आता वही घातली आहे. परवा रविवारी त्या चोवीस किलोमीटर धावून आल्या. निघताना ५८.४, परतल्यावर ५७.५, मध्ये तहानेप्रमाणे एक लिटर पाणी आणि मूठभर खारे शेंगदाणे. घरी आल्यावर बांगड्या साबण न लावता निघाल्या, हेही त्यांनी शेवटच्या रकान्यात लिहून ठेवलंय.